घरात शिरणारा परका उजेड : कोल्हापुरात तक्रारीपासून परवानगीच्या अटीपर्यंतची वाट

अंबाबाईच्या मंदिरात दरवर्षी ९, १० व ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण गाभाऱ्याच्या दिशेने येतात, आणि त्यांच्या वाटेत कोणते बांधकाम आडवे येते याची चर्चा त्या दिवसांत शहरभर चालते. इमारत उजेड अडवते तेव्हा नियमाची आठवण काढायची सवय कोल्हापूरला अशी जुनीच आहे. इमारत नको तेथे, नको त्या वेळी उजेड फेकते तेव्हा मात्र आपण खिडकीला जाड पडदा लावतो आणि विषय संपवतो. हा लेख त्या पडद्याच्या पुढे जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. समोर नवी व्यापारी इमारत उभी राहिल्यामुळे ज्यांची रात्र बदलली आहे ते रहिवासी, सोसायटीच्या समितीवर नुकतेच निवडून आलेले सदस्य आणि बाह्य प्रकाशयोजनेचा नकाशा पहिल्यांदाच काढायला बसलेले तरुण वास्तुविशारद, हे वाचक डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘प्रकाश प्रदूषण प्रतिबंधक कायदा’ नावाचा कायदा भारतात नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमात प्रदूषकाची जी व्याख्या आहे ती घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थाची आहे, आणि उजेड हा पदार्थ नसल्यामुळे तो त्या व्याख्येत बसत नाही. आवाजाला १९८७ च्या दुरुस्तीने हवा प्रदूषणाच्या कायद्यात जागा मिळाली आणि पुढे २००० साली त्याचे स्वतंत्र नियमही झाले; उजेडाच्या वाट्याला असे काही आले नाही. त्यामुळे जो काही आधार आहे तो नगररचना, बांधकाम परवानगी, जाहिरात फलक, ऊर्जा बचत आणि सार्वजनिक उपद्रव अशा पाच-सहा ठिकाणी विखुरलेला आहे, आणि नवख्या माणसाचे निम्मे काम तो गोळा करण्यातच जाते.

पहिली पायरी : उजेडाचा प्रकार ओळखणे

अर्जात ‘प्रकाश प्रदूषण होत आहे’ एवढेच लिहून भागत नाही, कारण त्या शब्दाखाली चार निराळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. समोरच्या दुकानाचा फोकस आपल्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवर पडतो, तो घुसखोर उजेड. पार्किंगच्या खांबावरचा आडवा दिवा थेट डोळ्यांत येतो आणि त्याच्या मागे उभा असलेला माणूस दिसेनासा होतो, ती दिपवणूक. दर्शनी भिंतीवर खालून वर मारलेला उजेड भिंत संपल्यावरही वर जात राहतो, बाष्प, धूळ आणि ढग यांवरून विखुरतो आणि शहरावर फिकट घुमट उभा करतो, ती आकाशाची झळाळी. आणि फलक, धावती अक्षरे, रंग बदलणाऱ्या पट्ट्या यांची एकाच चौकात होणारी खेचाखेच हा चौथा प्रकार. वाहन चालवणाऱ्याला सिग्नल शोधावा लागतो तो याच्यामुळे.

झळाळी पाहायची असेल तर जुलैतली ढगाळ रात्र निवडावी. पन्हाळ्याच्या तटावरून शहराच्या दिशेने पाहिले तर ढगांची खालची बाजू उजळलेली दिसते. निरभ्र रात्री जो उजेड वर निघून जातो तोच ढग परत खाली पाठवतात. निळसर पांढरा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, म्हणून ६५०० केल्विनचा (केल्विन हे दिव्याच्या रंगाचे माप; आकडा जितका मोठा तितका रंग निळसर) दिवा तेवढ्याच उजेडाच्या २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यापेक्षा आकाश अधिक उजळवतो. हा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो आणि खरेदी करताना तो फारसे कोणी वाचत नाही.

किड्यांचे काय होते हे उसाच्या पट्ट्यातील वाचकाला वेगळे सांगायला नको. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि शेतकरी प्रकाश सापळा लावून ते गोळा करतात. शेताच्या कडेला बांधलेल्या मंगल कार्यालयाचा रात्रभर जळणारा दर्शनी दिवा हाही तसाच सापळा असतो, मात्र त्यात पिकाचे नुकसान करणाऱ्या किड्यांबरोबर परागीभवन करणारे पतंगही अडकतात.

दुसरी पायरी : आपले नियोजन प्राधिकरण कोणते ते ठरवणे

चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभर आवक-जावकमध्ये फिरतो आणि शेवटी ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे लिहून परत येतो. शहराच्या हद्दीत महानगरपालिकेचा नगररचना विभाग हे ठिकाण आहे. हद्दीबाहेरच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हा उचगाव, पाचगाव अशा गावांतील इमारतीसाठी त्या प्राधिकरणाकडे जावे लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतील शेडच्या दिव्यांसाठी औद्योगिक विकास महामंडळ हेच नियोजन प्राधिकरण आहे.

पन्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे. ती गिरिस्थान नगरपरिषद असल्यामुळे राज्याची २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली तेथे लागू होत नाही. गडावरील संरक्षित स्मारकांभोवती पहिले १०० मीटर बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. २०२५ मध्ये पन्हाळा मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेल्यानंतर तेथील हॉटेलांच्या रोषणाईकडे पाहण्याची नजर बदलायला हवी, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी : सात रात्रींची नोंद

तक्रार टिकते ती नोंदीवर. एका वहीत सलग सात रात्री दिव्यांची स्थिती लिहावी: दिवा किती वाजता लागला, किती वाजता विझला, कोणत्या मजल्यावर आहे, कोणत्या दिशेला रोखलेला आहे आणि आपल्या घरात कोणत्या खोलीपर्यंत पोहोचतो. आठवड्यात एक सुटीचा दिवस येईल असे पाहावे, कारण पुष्कळ दुकानांचे दिवे सुटीच्या दिवशी वेगळ्या वेळेवर चालतात. सणाचे दिवस टाळावेत. दिवाळीत घेतलेली नोंद समोरचा माणूस एका वाक्यात मोडीत काढतो, आणि त्याचे बरोबरही असते. आकाशकंदील आणि पंधरा दिवसांची रोषणाई हा या लेखाचा विषय नाही.

खिडकीवर पडणारा उजेड लक्स या एककात मोजतात. मोजणीयंत्र खिडकीच्या तावदानाला समांतर, म्हणजे उभे धरून बाहेरच्या बाजूने वाचन घ्यावे आणि घरातील सर्व दिवे बंद ठेवावेत. मोबाइलमधील लक्स मोजणारे ॲप कमी उजेडात भरवशाचे नसते, त्यामुळे त्याचा आकडा ‘अंदाजे’ म्हणूनच लिहावा. शक्य असल्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून किंवा विद्युत ठेकेदाराकडून हातातले लक्समीटर आणावे. छायाचित्रे काढताना मोबाइलची स्वयंचलित उजळणी बंद करून सर्व रात्री एकाच मापावर काढावीत, नाहीतर मिणमिणता दिवाही छायाचित्रात सूर्यासारखा दिसतो आणि अधिकारी ते छायाचित्र बाजूला ठेवतो.

आकडा मोठा की लहान हे ठरवायला काही माप लागते. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड जमिनीवर ०.३ लक्सच्या पुढे क्वचितच जातो. आंतरराष्ट्रीय प्रकाशयोजना आयोगाने त्रासदायक उजेडाविषयी २००३ साली प्रथम आणि २०१७ साली सुधारून मार्गदर्शिका काढली. तिच्यात प्रदेशांचे अंधाऱ्यापासून झगमगत्यापर्यंत वर्ग पाडून घराच्या खिडकीवरील उजेडाच्या कमाल मर्यादा दिल्या आहेत. मध्यम उजेडाच्या वस्तीत रात्रीच्या ठरलेल्या तासापूर्वी १० लक्स आणि नंतर २ लक्स, गजबजलेल्या शहरमध्यात तासापूर्वी २५ आणि नंतर ५, तर कमी उजेडाच्या ग्रामीण भागात ५ आणि १ अशा त्या मर्यादा आहेत. हा तास साधारणपणे रात्री ११ चा धरतात. माझ्या मते महाद्वार रोड किंवा राजारामपुरीचा मुख्य रस्ता शहरमध्याच्या वर्गात, रुईकर कॉलनी किंवा नागाळा पार्कच्या आतल्या गल्ल्या मध्यम वर्गात आणि शहराच्या कडेची गावे ग्रामीण वर्गात धरावीत. ही मार्गदर्शिका आपल्याकडे बंधनकारक नाही. तरीही ‘फार उजेड येतो’ या वाक्यापेक्षा ‘रात्री साडेअकराला खिडकीवर १४ लक्स, मार्गदर्शिकेची मर्यादा २’ हे वाक्य कोणत्याही टेबलावर अधिक वजनाने पडते.

चौथी पायरी : कोणता नियम कोठे आहे ते पाहणे

इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळी मेख इथेच आहे. आपल्याकडे फलकाला नियम आहे, पण भिंतीला नाही.

फलकांपासून सुरुवात करू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २४४ व २४५ नुसार आकाशचिन्हे (इमारतीच्या वर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे फलक) आणि जाहिराती यांना आयुक्तांची परवानगी लागते, आणि त्यासाठी राज्य शासनाने २०२२ मध्ये नवे नियम केले आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या दहाव्या भागाचा दुसरा विभाग फलकांविषयी आहे आणि त्यातील काही तरतुदी वाचल्यावर रहिवाशाला हायसे वाटते. शेजारच्या निवासी इमारतीतील लोकांना त्रास होईल इतक्या प्रखर उजेडाचा फलक उभारू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सार्वजनिक सोय, आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी आवश्यक असलेले फलक वगळता विजेवरचा कोणताही फलक मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत चालू ठेवू नये, असे आहे. उघडझाप करणारा किंवा हलत्या चित्रांचा फलक मिनिटाला ३० पेक्षा अधिक वेळा लुकलुकत असेल तर त्याची खालची कड जमिनीपासून ९ मीटरपेक्षा खाली नसावी, आणि वाहतुकीच्या प्रकाशित चिन्हापासून १० मीटरच्या आत लाल, पिवळसर किंवा हिरव्या उजेडाचा फलक नसावा, अशाही तरतुदी आहेत. ही संहिता मुळात शिफारशीच्या स्वरूपाची आहे. स्थानिक नियमावली जेव्हा तिचा हवाला देते तेव्हा तिला बळ येते. म्हणून अर्जात संहितेचा भाग आणि तिचा हवाला देणारी स्थानिक तरतूद ही दोन्ही एकत्र लिहावीत.

आता भिंतीकडे वळू. समजा, फलक नाही. फक्त सहा मजली दर्शनी भागावर जमिनीतून वर रोखलेले फ्लडलाइट आहेत आणि गच्चीच्या कठड्याला रंग बदलणारी पट्टी आहे. हे ‘विकसन’ आहे का, म्हणजे त्याला परवानगी लागते का? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २ मधील व्याख्येत इमारतीत केलेला ‘महत्त्वाचा बदल’ हे विकसन आहे, आणि कलम ४३ असे सांगते की, जी कामे केवळ आतल्या भागापुरती आहेत किंवा ज्यांनी इमारतीच्या बाह्यरूपात महत्त्वाचा फरक पडत नाही, त्यांना परवानगीची गरज नाही. दिवसा पाहिले तर दिव्यांनी बाह्यरूप बदलत नाही; रात्री ते पार बदलते. कायदा लिहिला गेला तेव्हा इमारतीचे रूप दिवसाच पाहायचे होते. त्यामुळे उभ्या इमारतीवर नंतर दिवे बसवणाऱ्याला नगररचना विभाग सहसा अडवत नाही, आणि रहिवाशाचा पहिला अर्ज बहुधा याच ठिकाणी अडकतो.

ऊर्जा बचतीच्या बाजूने थोडा आधार आहे. केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत १०० किलोवॉट किंवा अधिक जोडभाराच्या (बसवलेल्या सर्व उपकरणांचा एकूण भार), अथवा १२० केव्हीए किंवा अधिक करार मागणीच्या (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) व्यापारी इमारतींसाठी बाह्य दिव्यांना प्रकाशसंवेदक किंवा सूर्योदय-सूर्यास्ताप्रमाणे चालणारे स्वयंचलित टायमर सांगितले आहेत, आणि दर्शनी भागासाठी उभ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरला ५ वॉटची मर्यादा घातली आहे. पण ही मर्यादा विजेची आहे, उजेडाची नाही. आजचा साधा एलईडी दिवा एका वॉटला १०० ल्युमेन (दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचे एकक) देतो, म्हणजे ५ वॉटला ५०० ल्युमेन. निम्मा उजेड वाया गेला असे धरले तरी भिंतीवर २५० लक्स पडतात (एक लक्स म्हणजे चौरस मीटरला एक ल्युमेन), आणि फिकट रंगाची, निम्मा उजेड परतवणारी भिंत असेल तर तिची झळक, म्हणजे डोळ्याला दिसणारा तिचा उजळपणा, चौरस मीटरला सुमारे ४० कँडेला होते. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत झगमगत्या शहरमध्यासाठीसुद्धा या झळकेची मर्यादा २५ कँडेला आहे. दिवे जसजसे काटकसरी झाले तसतशी वॉटची मर्यादा उजेडाच्या बाबतीत निकामी झाली, हे अर्ज लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावे.

मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत आणखी एक दार आहे आणि ते फारसे कोणी ठोठावत नाही. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. तिच्या फॉर्म १ मध्ये आवाज व कंपने यांच्याबरोबर ‘प्रकाश व उष्णता यांचे उत्सर्जन’ अशी स्वतंत्र बाब आहे. आपल्या नियोजनव्यवस्थेत उजेडाचे नाव घेऊन प्रश्न विचारणाऱ्या ज्या मोजक्या जागा आहेत त्यांतील ही एक. विकासकाने तेथे काय उत्तर दिले आहे ते मागवून वाचावे. तेथे ‘परिणाम नाही’ असे लिहिलेले असेल आणि नकाशात गच्चीवर डिजिटल पडदा असेल, तर विचारण्यासारखा प्रश्न हातात आला.

इतर देशांनी ही उणीव कशी भरून काढली हे थोडक्यात पाहिल्यास आपल्या अर्जाची भाषा सुधारते. फ्रान्समधील २०१८ च्या आदेशानुसार इमारतींची रोषणाई आणि दुकानांच्या दर्शनी खिडक्यांचे दिवे उशिरात उशिरा रात्री एक वाजता विझवावे लागतात, कार्यालयाच्या आतले दिवे काम संपल्यानंतर तासाभरात बंद करावे लागतात, आणि बाहेरच्या दिव्यांच्या रंगाला ३००० केल्विनची मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने घरात शिरणारा कृत्रिम उजेड वैधानिक उपद्रव ठरवला आणि स्थानिक परिषदेला नोटीस काढण्याचे अधिकार दिले. शिवाय तेथील राष्ट्रीय नियोजन धोरणच परवानगी देताना उजेडाचा विचार करायला सांगते. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ या गावाने वेधशाळेसाठी १९५८ सालीच जाहिरातींच्या शोधदिव्यांवर बंदी घातली होती. आपल्या राज्यातही पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातील पहिले अंधार-आकाश उद्यान ही मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आजूबाजूच्या गावांतील दिवे खाली रोखलेले करण्यात आले. हे काम राधानगरी-दाजीपूरच्या वाटेवरील रिसॉर्टांबाबत का होऊ नये, असा प्रश्न जिल्ह्यातील कोणीतरी विचारायला हवा. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे.

पाचवी पायरी : दिवा बसण्यापूर्वी अट घालून घेणे

भिंतीला नियम नाही, म्हणून भिंतीसाठी अट मिळवावी लागते, आणि अट मिळते ती परवानगीच्या वेळी. समोरच्या भूखंडावर नव्या बांधकामाचा फलक लागला, जुने घर पाडले गेले की लगेच माहितीच्या अधिकारात प्रस्तावाचा मंजूर नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) आणि त्यातील अटी मागवाव्यात. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. प्रस्ताव अजून विचाराधीन असेल तर नगररचना विभागाला लेखी सूचना द्यावी. सूचना देणाऱ्या शेजाऱ्याला कायद्याने पक्षकाराचे स्थान नाही आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खालील अपील फक्त अर्जदारालाच करता येते, पण शिक्का मारलेली पोच हाती असलेला कागद फायलीत राहतो आणि नंतर उपयोगी पडतो.

त्याच अधिनियमाचे कलम ४५ परवानगीला सामान्य किंवा विशेष अटी जोडण्याची मुभा देते, परंतु अशा अटींसाठी शासनाच्या पूर्वमान्यतेचा उल्लेखही त्याच कलमात आहे. अधिकारी नवी अट घालायला कचरतो त्यामागे हे एक कारण असते. म्हणून मागणी दोन प्रकारे मांडावी: संहितेतील जी तरतूद आधीच आहे तिचे पालन करण्याची अट, आणि उरलेल्या गोष्टींसाठी विकासकाचे हमीपत्र. हमीपत्र ही आपल्या बांधकाम परवानगीतील रोजची वस्तू आहे. पार्किंगपासून पावसाच्या पाण्यापर्यंत सगळ्यासाठी ती घेतली जातात, तशी दिव्यांसाठीही घेता येतील.

मागणीची भाषा अशी असावी की ती अधिकाऱ्याला जशीच्या तशी उचलता येईल. नमुना देतो: ‘बाह्य प्रकाशयोजनेचा स्वतंत्र नकाशा भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत सादर करण्यात येईल. प्रत्येक बाह्य दिवा क्षितिजाच्या खाली रोखलेला व झापड लावलेला असेल आणि त्याचा उजेड भूखंडाच्या हद्दीबाहेरील निवासी खिडक्यांवर थेट पडणार नाही. दिव्यांचा रंग ३००० केल्विनपेक्षा अधिक नसेल. दर्शनी भागाची सजावटीची रोषणाई रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत स्वयंचलित टायमरने बंद राहील. सुरक्षिततेचे दिवे हालचाल संवेदकावर चालतील.’ टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांना लावतात तशी दिव्याला पत्र्याची झापड लावायला फारसा खर्च येत नाही, आणि ‘दिवे काढा’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘दिवे खाली वळवा’ म्हणणाऱ्याचे ऐकले जाण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते.

हाच नमुना वास्तुविशारदाने उलट बाजूने वाचावा. खालून वर मारणाऱ्या दिव्यांऐवजी छज्जाच्या खालून भिंतीवर उतरणारा उजेड घेतला तर बहुतेक दगडी किंवा विटांचा दर्शनी भाग अधिक उठून दिसतो. काचेची भिंत मात्र बाहेरून उजळण्याचा हट्टच सोडावा, कारण काच उजेड पसरवत नाही, फक्त दुसरीकडे फेकते. नवा राजवाडा किंवा टाउन हॉलसारख्या काळ्या दगडाच्या इमारतीला थोडाच उजेड पुरतो आणि प्रखर पांढऱ्या दिव्यात तिचे कोरीव काम सपाट होऊन जाते.

सहावी पायरी : इमारत आधीच उभी असेल तर

प्रथम मालकाशी किंवा दुकानाच्या व्यवस्थापकाशी बोलावे, आणि तेही रात्री, आपल्या खिडकीत उभे करून. अनेकदा दिव्याची दिशा ठेकेदाराने ठरवलेली असते आणि मालकाने ती समोरच्या घरातून कधी पाहिलेलीच नसते. त्याने काम झाले नाही तर सोसायटीच्या नावाने लेखी पत्र द्यावे आणि १५ दिवस वाट पाहावी.

पुढचा अर्ज कोणाकडे हे उजेडाच्या प्रकारावर ठरते. त्रास फलकाचा असेल तर जाहिरात परवान्याच्या विभागाकडे जावे आणि आधी माहितीच्या अधिकारात फलकाच्या परवान्याची प्रत मागवावी. परवाना नसलेला किंवा मुदत संपलेला फलक असेल तर उजेडाचा वाद घालायची गरजच उरत नाही. दिवे परवानगीतील अटीच्या किंवा हमीपत्राच्या विरोधात असतील तर नगररचना विभागाकडे जावे. अटीचा भंग करून केलेले काम नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली गुन्हा ठरते आणि कलम ५३ खाली नोटीस काढता येते, म्हणूनच आधीच्या पायरीवर एवढा भर दिला. त्रास महापालिकेच्याच पथदिव्याचा असेल तर विद्युत विभागाला खांबाचा क्रमांक कळवावा. झापड बसवण्याचे हे काम सहसा सर्वांत लवकर होते. अर्ज विभागीय कार्यालयात दिला तरी प्रत मुख्य इमारतीत द्यावी.

अट नाही, फलक नाही, पण त्रास मात्र संपूर्ण गल्लीला आहे, अशा वेळी सार्वजनिक उपद्रवाची वाट उरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये उपद्रवाची व्याख्या आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. एकाच घराला त्रास असेल तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा लागतो. तेथे सात रात्रींची वही आणि लक्सचे आकडे पुरावा म्हणून उभे राहतात. वकिलाचा खर्च आणि लागणारी वर्षे पाहता ही पायरी शेवटचीच ठेवावी.

सातवी पायरी : आराखड्याच्या वेळी बोलणे

एकेका दिव्यामागे धावण्यापेक्षा नियमातच बदल मागणे हे काम कंटाळवाणे असले तरी अधिक पुरते. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की नगररचना अधिनियमाच्या कलम २६ नुसार ३० दिवसांत हरकती व सूचना देता येतात. बहुतेक लोक आपल्या जमिनीवरील आरक्षणापुरतीच हरकत देतात. आराखड्यात काय असू शकते हे सांगणाऱ्या कलम २२ मध्ये जाहिरात चिन्हे व फलक यांच्या नियंत्रणाचा उल्लेख आहे. तेव्हा रंकाळा व कळंबा तलावांचा काठ, पंचगंगेचा घाट आणि अंबाबाई मंदिराचा परिसर येथे प्रकाशित फलकांवर वेळेची मर्यादा आणि वर जाणाऱ्या उजेडाला मनाई असावी, अशी सूचना त्या ३० दिवसांत देणे नियमात बसते. सूचना देताना नकाशावर हद्द आखून द्यावी आणि सुनावणीला स्वतः हजर राहावे, कारण गैरहजर माणसाची सूचना ‘अर्जदार अनुपस्थित’ एवढ्या शेऱ्यावर निकाली निघते.

अट मिळाली, दिवा खाली वळला, टायमर बसला की तीन तपासण्या तरी कराव्यात. पहिली त्याच आठवड्यात, त्याच खिडकीत, त्याच लक्समीटरने, म्हणजे आधीच्या आकड्याशी तुलना करता येते. दुसरी वळवाच्या पावसानंतर, कारण वाऱ्यापावसात फ्लडलाइटचा स्क्रू ढिला होऊन दिवा पुन्हा आडवा होतो. तिसरी दिवाळी संपल्यावर आठ-दहा दिवसांनी. सणासाठी रात्रभरावर ठेवलेला टायमर परत ११ वर आणायचे बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि तेव्हा अर्जाऐवजी एका फोनवर काम होते.